खलनायक वाट बघत बसत नाही: टेबलवर लक्षात राहील असा व्हिलन कसा घडवायचा

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी, या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले सतराशे साठ ‘म्हणजे’ आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधला व्हिलन. कॅम्पेन चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार असते: ‘मी व्हिलनची आठ पानी बॅकस्टोरी लिहिली, त्याला भारी नाव दिलं, भारी आवाज काढला, तरी प्लेयर्सना त्याचं काहीच वाटत नाही. ते दुकानदाराशी गप्पा मारत बसतात!’ असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते आज बघू.

एक इशारा आधीच देतो. उदाहरण म्हणून मी ‘कर्स ऑफ स्ट्राड’ उघडून दाखवणार आहे. तुम्ही ते प्लेयर म्हणून खेळत असाल, तर हा भाग सेव्ह करा आणि कॅम्पेन संपल्यावर परत या.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी

चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे जग चालवणारा. बाकीचे प्लेयर, प्रत्येकाचं एक पात्र. डीएम परिस्थिती सांगतो, प्लेयर सांगतात की आमचं पात्र काय करतं, आणि जिथे निकालाची खात्री नसते तिथे फासे ठरवतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार छापील स्वरूपात सुरू झाला. अशी एकच गोष्ट अनेक बैठकांमध्ये पुढे सरकत राहिली की तिला कॅम्पेन म्हणतात.

सिनेमातला व्हिलन टेबलवर का पडतो?

आपल्यापैकी बहुतेकजण व्हिलन शिकतो तो सिनेमे बघून. पण सिनेमाकडे एक सोय आहे जी डीएमकडे नाही. हीरो झोपलेला असताना कॅमेरा व्हिलनच्या खोलीत जाऊ शकतो. तो एकटा दारू पितोय, आईचा फोटो बघतोय, हे प्रेक्षकाला दिसतं. टेबलवर असा कॅमेरा नसतो. प्लेयर्सच्या पात्रांना जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच घडलं. तुमच्या आठ पानांपैकी जे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, ते त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही.

दुसरी गोष्ट, सिनेमात व्हिलन कधी मरणार हे लेखक ठरवतो. टेबलवर पाच डोकी आणि काही फासे ठरवतात. तुम्ही क्लायमॅक्ससाठी जपून ठेवलेला माणूस तिसऱ्याच सेशनला बाल्कनीत येऊन भाषण देतो, आणि कोणीतरी शांतपणे म्हणतं, ‘मी धनुष्य काढते.’

म्हणून मी व्हिलनकडे बघताना इंजिनियरसारखा विचार करतो. माझ्यासाठी व्हिलन म्हणजे मागे चालू असलेली एक प्रोसेस. प्लेयर्सनी हात लावला नाही तरी ती चालूच राहते, पण तिचे परिणाम स्क्रीनवर दिसत राहतात, आणि कोणीही कधीही ती थांबवू शकतं. आजचा सगळा भाग या तीन गोष्टींचाच आहे: चालू राहणं, दिसणं आणि थांबवता येणं.

एक छोटी तुलना करू. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे साहस होतं. भारतात कित्येकांची सुरुवात त्यावरूनच झाली. त्यातला मुख्य व्हिलन ब्लॅक स्पायडर. अधूनमधून त्याचं नाव कानावर येतं आणि तो भेटतो थेट शेवटच्या गुहेत. उलट फँडालिन गावात दादागिरी करणारी रेडब्रँड टोळी दुसऱ्याच भागात समोर येते. ते दुकानदारांना धमकावतात, रस्त्यात अडवतात. त्यामुळे प्लेयर्सचं डोकं फिरतं ते रेडब्रँडवर. जो रोज त्रास देतो त्याचाच राग येतो, हे आपल्याला सोसायटीच्या पार्किंगमुळे माहीतच आहे.

‘हा इथे काय करतोय?’

आता स्ट्राडकडे येऊ. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोने ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाचं साहस लिहिलं. त्यामागची गोष्ट ट्रेसी हिकमन यांनी स्वतःच सांगितली आहे. एका गेममध्ये तळघरातून फिरताना एका खोलीत त्यांना चक्क व्हॅम्पायर भेटला. बाकी राक्षस असतात तसाच, खोलीत उभा. त्यांना प्रश्न पडला की व्हॅम्पायरसारखा प्राणी इथे काय करतोय? त्याला काय हवंय? दार उघडायची वाट बघत तो का उभा आहे?

या प्रश्नातून काउंट स्ट्राड फॉन झारोविच जन्माला आला. २०१६ मध्ये त्याच साहसाचा विस्तार करून ‘कर्स ऑफ स्ट्राड’ आलं आणि आजही डीएम मंडळींच्या गप्पांमध्ये चांगल्या व्हिलनचं पहिलं उदाहरण बहुधा त्याचंच असतं.

त्याची कथा थोडक्यात अशी. स्ट्राड विजेता राजा. आयुष्य लढायांमध्ये गेलं, तारुण्य हातातून निसटलं. त्याचा धाकटा भाऊ सर्गेई देखणा, लाडका, आणि तात्याना नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं. स्ट्राडला तात्याना हवी होती. त्याने अंधाराशी करार केला, लग्नाच्या दिवशी भावाचा खून केला आणि तो व्हॅम्पायर झाला. तात्यानाने त्याच्यापासून पळत किल्ल्यावरून उडी घेतली. तेव्हापासून बरोव्हिया नावाचा तो मुलूख धुक्याने वेढलेला आहे. आत आलेला बाहेर जाऊ शकत नाही. स्ट्राडही नाही. तो तिथला राजाही आहे आणि कैदीही.

बॅकस्टोरी छान आहेच. पण ती पोचवायची कशी, हे हिकमननी जास्त हुशारीने ठरवलंय. बरोव्हिया गावात प्लेयर्सना इरिना कोल्याना भेटते. ती हुबेहूब तात्यानासारखी दिसते आणि स्ट्राड तिच्या मागे आहे. तिचे वडील नुकतेच वारलेत, शवपेटी घरातच आहे, आणि तिला सुरक्षित ठिकाणी पोचवायचं काम प्लेयर्सवर येतं. म्हणजे बघा, व्हिलनला जे हवंय ते लेखकांनी प्लेयर्सच्या शेजारी चालायला लावलं! आता स्ट्राडला गोष्टीत ओढून आणावं लागत नाही. तो येणारच.

व्हिलनला हवं असलेलं, एका वाक्यात

आपल्या टेबलसाठी हे कसं वापरायचं? मी बॅकस्टोरीच्या आधी एक वाक्य लिहितो: ‘याला अमुक हवंय, कारण तमुक, म्हणून तो हे करतोय, पण हे मात्र तो कधीच करणार नाही.’

यातला शेवटचा तुकडा लोक सोडून देतात आणि खरी गंमत तिथेच आहे. जो काहीही करू शकतो त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला फक्त मारता येतं. जो लहान मुलांना हात लावत नाही, दिलेला शब्द मोडत नाही किंवा स्वतःच्या गावावर कर वाढवत नाही, त्याच्या बाबतीत प्लेयर्सना डाव आखता येतो.

आणि ‘हवंय’ म्हणजे ‘जगावर राज्य’ नको. जगावर राज्य मिळवून तो सोमवारी सकाळी काय करणार, हे तुम्हालाही सांगता येत नसेल तर ती इच्छा कच्ची आहे. बरोबर त्याला काय हवंय ते एखाद्या माणसाशी, वस्तूशी, जागेशी बांधा.

दिसू द्या, पण फासे न टाकता

पहिल्या भेटीतच लढाई झाली तर दोनच निकाल: एक तर व्हिलन मेला, नाही तर प्लेयर्स हरले आणि वैतागले. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटी अशा ठेवा की लढणं शक्य आहे, पण शहाणपणाचं नाही, किंवा बोलण्यात जास्त फायदा आहे.

स्ट्राडचं पहिलं दर्शन तर एका पत्रातून होतं. एका प्रवेशात प्लेयर्सना गावच्या प्रमुखाचं मदत मागणारं पत्र मिळतं. पुढे जंगलात एका प्रेताजवळ खरं पत्र सापडतं, आणि त्यात मदत वगैरे काही नाही, उलट इकडे येऊ नका असं विनवलंय. पहिलं पत्र बदललेलं होतं. स्ट्राड अजून भेटलेलासुद्धा नाही, तरी प्लेयर्सना कळतं की आपण आलो नाही, आपल्याला आणलं गेलंय. पुढे तो त्यांना किल्ल्यावर जेवायचं रीतसर निमंत्रण पाठवतो.

पाहुणचार करणारा व्हिलन आपल्याला नवा नाही. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ बघितला नसेल तर जरूर बघा. निळू फुल्यांचा हिंदुराव हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा एका दारुड्या, भटक्या मास्तराला स्वतःच्या घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि तो पाहुणा गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो. तलवार नाही, मारामारी नाही, तरी प्रत्येक भेटीत ताण वाढत जातो. डीएमसाठी ही तयार शिकवणी आहे: प्लेयर्सना व्हिलनच्या घरी जेवायला बसवा आणि विचारायला एक प्रश्न द्या.

मराठीत गेम चालवणाऱ्यांकडे तर आणखी एक हत्यार आहे जे इंग्रजीत चालवणाऱ्यांकडे नाही. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे. माझा व्हिलन सगळ्यांशी ‘आपण’ने बोलतो. ‘आपण दमला असाल. जेवून घ्या. मग बोलू.’ पाच सेशन असं चालतं. मग सहाव्या सेशनला, प्लेयर्सनी त्याची एखादी महत्त्वाची गोष्ट बिघडवली की, तो त्यांच्यातल्या एकालाच म्हणतो, ‘तू नको होतंस हे करायला.’ आवाज बदलायची गरज नाही. टेबल आपोआप शांत होतं.

घड्याळ लावा

आता ‘चालू राहणं’. यासाठी मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या बाहेरून एक गोष्ट उचलतो. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये धोका किती जवळ आलाय हे दाखवणारी काउंटडाउनची घड्याळं आहेत. २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये जॉन हार्पर यांनी हीच कल्पना गेमभर वापरली. कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि गोष्ट पुढे सरकली की एकेक भाग रंगवायचा. झालं.

स्वतःचा एक व्हिलन घेऊन दाखवतो. एका डोंगरी किल्ल्यावर रेवा नावाची कोठावळीण आहे, म्हणजे धान्याच्या कोठारांची मुख्य. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तिने किल्ल्याचे दरवाजे बंद केले. आतले वाचले, बाहेरचे मेले. आता तिला पुन्हा तीच लक्षणं दिसतायत, आणि तिचा अंदाज बरोबर आहे.

तिचं वाक्य: ‘रेवाला किल्ल्यात तीन वर्षांचं धान्य हवंय, कारण दुष्काळ येतोय, म्हणून ती खालच्या गावांचं सगळं ओढून घेतेय, पण किल्ल्यातल्या कोणालाही ती उपाशी ठेवणार नाही.’

तिचं सहा भागांचं घड्याळ असं:

१. बाजारातलं सगळं बियाणं तिची माणसं विकत घेतात.
२. घाटातून गाड्या सोडणं बंद होतं.
३. खालच्या गावांतल्या विहिरींवर तिचे पहारेकरी बसतात.
४. नदीवरचा पूल मोडला जातो.
५. पहिलं गाव उठतं आणि माणसं किल्ल्याच्या दाराशी येतात.
६. दरवाजे बंद.

यातली प्रत्येक पायरी प्लेयर्सना दिसते. भाकरी महाग होते. नेहमीचा गाडीवाला आला नाही म्हणून धर्मशाळेत तेल नाही. एखाद्या पात्राची मावशी पाण्यासाठी दुसऱ्या गावी जाते. रेवाचं नाव कोणी घेतलंच पाहिजे असं नाही. दोन सेशनमध्ये प्लेयर स्वतःच विचारतील, ‘हे कोण करतंय?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की समजा, तुमचा व्हिलन उभा राहिला.

दर सेशननंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: प्लेयर्सनी घड्याळाला हात लावला का? नसेल, तर एक भाग रंगवायचा. लावला असेल, तर रेवा काय करेल? समजा त्यांनी दुसऱ्या खोऱ्यातून बियाणं आणलं. मग पहिल्या पायरीचा अर्थच गेला. कदाचित ती त्यांना बोलावून म्हणेल, ‘मला जमलं नाही ते आपण केलंत. माझ्यासाठी काम कराल?’ आता टेबलवर खरी भांडणं सुरू होतील, आणि तीही प्लेयर्समध्येच.

पळवाट नियमात हवी, डीएमच्या मनात नको

आता ‘थांबवता येणं’. हा भाग सगळ्यात अवघड, कारण इथे डीएमचा जीव अडकलेला असतो. इतक्या मेहनतीने बनवलेला व्हिलन लवकर मरू नये म्हणून हात शिवशिवतात. पडद्यामागे फासा एक दाखवतो, आपण दुसरंच सांगतो. अचानक गुप्त दरवाजा उगवतो.

प्लेयर्सच्या हे लक्षात येतं. एकदा लक्षात आलं की त्यांचा राग व्हिलनवरून तुमच्यावर येतो. आणि आठवड्यातून एकदा ऑफिस, कॉलेज, ट्रॅफिक सांभाळून चार तास काढणाऱ्या मित्रांना ‘आपण काहीही केलं तरी होणार तेच’ असं वाटलं, की कॅम्पेन मेलंच. पुढच्या शनिवारी कोणाला ना कोणाला अचानक काम निघतं.

स्ट्राड इथेही धडा देतो. २०१६ च्या पुस्तकात त्याचे हिट पॉइंट फक्त १४४ आहेत. मोकळ्या मैदानात उभा राहिला तर तयारीचा ग्रुप त्याला दोन-तीन फेऱ्यांत आडवा करेल. पण तो उभा राहतच नाही. त्याच्या जखमा भरून येतात. किल्ल्यात तो भिंतींतून आरपार जाऊ शकतो. दुसऱ्यांची पाळी संपली की त्याला मध्येच हालचाल करता येते, त्यामुळे पाच विरुद्ध एक हा हिशोब त्याला मारक ठरत नाही. हिट पॉइंट संपले तरी तो धुकं होऊन आपल्या शवपेटीकडे सटकतो.

पण ऊन किंवा वाहतं पाणी असेल तर त्याला धुकं होता येत नाही. शवपेटी कुठे आहे हे शोधता येतं. त्याच्याविरुद्ध चालणारी तलवार आणि पवित्र चिन्ह बरोव्हियातच कुठेतरी आहे, आणि ते कुठे, हे सुरुवातीला पत्त्यांच्या भविष्यातून ठरतं, त्यामुळे प्रत्येक टेबलवर ते वेगळ्या जागी निघतं. त्याच पत्त्यांतून स्ट्राडने स्वतः लिहिलेली वहीसुद्धा मिळते. म्हणजे बॅकस्टोरीही प्लेयर्सना कमवावी लागते. तो पळतो तेव्हा चिडचिड होते, पण फसवल्यासारखं वाटत नाही, कारण पळवाट नियमात लिहिली आहे आणि ती बंद करायची किल्ली प्लेयर्सना सापडू शकते.

म्हणून माझा नियम: व्हिलनला एकच पळवाट द्या, ती आधी लिहून ठेवा, आणि ती बंद कशी होईल हेही लिहा. प्लेयर्सनी बंद केली तर त्याला मरू द्या. तिसऱ्या सेशनला मेला तरी चालेल. रेवा मेली म्हणून पाऊस पडत नाही. दुष्काळ येतोच आहे, आणि आता कोठाराची किल्ली प्लेयर्सच्या हातात आहे. आत कोणाला घ्यायचं, हे आता त्यांनी ठरवायचं. व्हिलनमागचा प्रश्न खरा असेल, तर व्हिलन गेल्यावर तो प्रश्न प्लेयर्सच्या गळ्यात पडतो. कधीकधी तीच कॅम्पेनची खरी सुरुवात असते.

एक गोष्ट, सुरुवात करायच्या आधी

स्ट्राड इरिनाच्या मागे आहे, ती नको म्हणत असताना. कथेत हे गॉथिक वगैरे वाटतं. पण टेबलवर बसलेल्यांपैकी कोणीतरी असा पाठलाग प्रत्यक्षात भोगलेला असू शकतो, आणि ते तुम्हाला माहीत असेलच असं नाही. म्हणून कॅम्पेनच्या आधी एक बैठक फक्त बोलायला ठेवा. व्हिलन कुठल्या प्रकारचा असेल ते सांगा. कुठल्या गोष्टी अजिबात नकोत आणि कुठल्या पडद्याआड चालतील हे विचारा. जॉन स्टॅव्रोपोलोस यांचं एक्स-कार्डही सोपं आहे: टेबलवर एक कार्ड ठेवायचं, कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. व्हिलनची भीती पात्रांना वाटली पाहिजे. खुर्चीत बसलेल्या मैत्रिणीला नाही.

या शनिवारसाठी गृहपाठ

आठ पानं लिहू नका. एका कार्डवर चार गोष्टी लिहा: व्हिलनचं ते एक वाक्य, सहा भागांचं घड्याळ, प्लेयर्सना लढाईशिवाय तो कुठे भेटेल ती जागा, आणि त्याची एकमेव पळवाट. मोबाइलच्या नोट्समध्येही मावेल एवढंच.

आणि सेशन संपल्यावर, सगळे पायात चपला घालत असताना, कान देऊन ऐका. ‘एक्सपी किती मिळाले?’ असं विचारत असतील तर अजून थोडं काम बाकी आहे. जिन्यात उभं राहून ‘पण ती म्हणते ते बरोबर नाहीये का?’ यावर भांडत असतील, तर दार हळूच लावून घ्या आणि घड्याळाचा पुढचा भाग रंगवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमचे फासे वीसवर पडोत!